सत्तरच्या जरा खाली

मुलांचे पेपर तपासून झाले की गुण लगेच पालकांच्या फोनवर दिसतात, असं एक अ‍ॅप शाळेनं दिलंय. दातांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेता घेता मी ते दिवसातून कितीदा उघडते, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगणार तरी कधी? डेल खनिज वाहणाऱ्या जहाजावर असतो. सरोवर गोठेपर्यंत तो घरी येत नाही, आणि फोन लागलाच तर निम्मं बोलणं इंजिनाच्या आवाजात जातं.

ऑगस्टमध्ये आम्ही सरोवराकाठच्या या डुलुथ शहरात राहायला आलो आणि माझी मुलगी लिनेया इथल्या हायस्कूलमध्ये नववीत बसली. इतर विषयांत तिचे गुण वरखाली होत असत, चारचौघांसारखे. बीजगणितात मात्र अडुसष्ट, सहासष्ट, एकोणसत्तर, पुन्हा अडुसष्ट. दर शुक्रवारच्या पेपरात सत्तरच्या खाली गेलं की गणिताच्या कोस्कीबाई एक गुलाबी चिठ्ठी देतात. मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या वर्गात बसून गणितं सोडवायची, खायचंही तिथेच. शाळा सुरू झाल्यापासून लिनेयाची चिठ्ठी एकदाही चुकली नव्हती.

मला वाटलं, हे माझ्यामुळेच. मला काहीही झालं तरी आधी हेच वाटतं. एकोणिसाव्या वर्षी ही झाली, हिला कडेवर घेऊन मी कॉलेज पुरं केलं, सतरा घरं बदलली. कुठेतरी काहीतरी शिकायचं राहून गेलं असणार पोरीचं.

म्हणून संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाला बसली की मी उगाच ओटा पुसत राहायची. एकदा तिच्यासमोर समीकरण होतं: पाच वजा तीन, पुढे कंसात एक्स वजा चार, बरोबर आठ. नवीन शिकणारी मुलं इथे हमखास घसरतात. कंसाबाहेरचा वजा आत नेताना आतल्या वजाचं अधिक करायचं राहून जातं. लिनेयानं पेन्सिल न थांबवता अधिक बारा लिहिलं आणि पुढे गेली. एक्सची किंमत तीन आली. ती तिनं मूळ समीकरणात टाकून पाहिली, दोन्ही बाजू जुळल्या, पान उलटलं.

"पेपरातही असा ताळा घेतेस?" मी विचारलं.

"घेते."

"मग गुण का जातात?"

"जातात." तिनं वर पाहिलं. "मॉम, ओटा पुसून पुसून त्याला भोक पडेल."

नोव्हेंबरात पालकसभा झाली. जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळ्यांखाली शिक्षकांची टेबलं मांडली होती. कोस्कीबाई साठीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाज एकदम मोकळा.

"पोरगी फार गुणी आहे हो तुमची," त्या म्हणाल्या. "सुट्टीत माझं अर्धं काम तीच करते. परवा एका धटिंगणाला कंस सोडवायला शिकवत होती. मी दोन महिने घसा फोडतेय, त्याला तिचं दहा मिनिटांत कळलं. आणि शुक्रवारी पेपर हातात पडला की शेवटच्या ओळीत हिचं चिन्ह उलटं! सगळं गणित बरोबर, फक्त शेवटची ओळ. घाबरते बिचारी."

"नेहमी शेवटचीच ओळ?"

"नेहमी. पायऱ्यांचे गुण देते मी, म्हणून साठीच्या वर तरी राहते." त्या जरा पुढे झुकल्या. "पण या शुक्रवारी सत्तर पडले नाहीत, तर जानेवारीपासून तिला सावकाशीच्या वर्गात घालावं लागेल. तिथे रोज दोन तास गणित. दुसरा तास मातीकामाचा जाईल. नियमच आहे तसा."

मातीकाम, म्हणजे मातीची भांडी घडवणं, हा तिचा एकच विषय असा होता, की ज्याबद्दल ती आपण होऊन घरी बोलायची.

मी ते सगळे आकडे मनात पुन्हा मांडले. गणित न येणाऱ्या मुलाला कधी चाळीस पडतात, कधी साठ. सत्तरच्या जरा खाली गुण असे रांगेनं उभे राहायला आधी सगळं यावं लागतं, आणि मग नेमकं किती चुकायचं ते ठरवावं लागतं.

"ज्यांना चिठ्ठी नाही, त्यांना सुट्टीत तुमच्या वर्गात बसता येतं का?" मी विचारलं.

"छे हो! चिठ्ठीवाल्यांनाच खुर्च्या पुरत नाहीत. पास झालेल्यांनी तिकडे कॅफेटेरियात मजा करावी, इथे काय ठेवलंय?" आणि त्या मनापासून हसल्या.

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मागे पालकांची रांग होती, आणि हे सांगणं म्हणजे लिनेयाला न विचारता तिच्या खोलीत शिरण्यासारखं होतं. मी आभार मानून उठले.

लिनेया गाडीत हीटर लावून बसली होती. मी दार लावलं. गाडी मात्र जागची हलवली नाही.

"तू मुद्दाम चुकतेस," मी म्हटलं.

तिनं हीटर कमी केला. म्हणाली, "बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार आहेस?"

"लिनेया, जानेवारीत तुला त्या दुसऱ्या वर्गात घालतील. मातीकाम जाईल."

"माहितीये. चिठ्ठीमागे छापलंय."

"मग?"

"मग काय? कुठे बसू मी?" तिचा आवाज फुटला. "तू तिथे ट्रे घेऊन उभी राहून बघ एकदा. सगळ्यांच्या जागा पाचवीपासून ठरलेल्या आहेत. पहिल्या दिवशी मी एका टेबलाशी बसले तर त्यातली एक म्हणाली, इथे एमा बसते. दुसरीकडे गेले, तर तिथेही कुणीतरी बसतं. शेवटी फिरत फिरत ट्रे कचऱ्यात रिकामा केला. बाईंच्या वर्गात निदान कुणी विचारत नाही, की तू इथे का म्हणून."

मी म्हटलं, "हळूहळू ओळखी होतील गं. आपण होऊन बोलावं लागतं. जरा हिंमत..."

"तू बोलतेस?" तिनं मान वळवली. "तू गाडीत जेवतेस, मॉम. सीटखाली सँडविचचे कागद असतात. रोजचे."

दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या तिघी एकमेकींना लहानपणापासून ओळखतात. मी जेवायच्या खोलीत गेले की त्यांचं बोलणं थांबतं, म्हणून मी जात नाही. हे तिला कधी कळलं असेल, याचाच विचार करत मी गाडी काढली. शुक्रवारी सकाळी ती उतरताना मी इतकंच म्हटलं, "मी बाईंना सांगणार नाही. आजचा पेपर तुझा. तू ठरव."

तिनं दार जरा जोरातच लावलं.

सोमवारी मी डबा घेऊन दवाखान्यातल्या जेवायच्या खोलीत गेले. तिघींचं बोलणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. त्यातल्या डार्लाच्या नवऱ्यानं हरीण मारलं होतं आणि फ्रीझरमध्ये जागा नव्हती. मी मायक्रोवेव्हशेजारच्या खुर्चीवर बसले आणि फोन उघडला.

बीजगणित: अठ्ठ्याण्णव.

मी ते दोनदा वाचलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली. तिच्या जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. म्हणजे चिठ्ठी नाही. म्हणजे या क्षणी ती ट्रे घेऊन उभी असणार.

"काय गं, काही वाईट बातमी?" डार्लानं विचारलं.

"नाही. मुलीला गणितात चांगले गुण पडले."

"मग तोंड असं का केलंयस, कुणी मेल्यासारखं?"

बाकीच्या दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. सूप निवून गेलं तरी माझं लक्ष घड्याळावरच होतं.

संध्याकाळी ती बूट काढत असताना मी दारातच विचारलं, "कुठे बसलीस?"

"खिडकीकडच्या टेबलाशी. टोकाला."

"कुणी उठ म्हणालं?"

"नाही. एका मुलानं विचारलं, समोरची खुर्ची कुणाची आहे का. मी म्हटलं नाही. तो घेऊन गेला."

"मग?"

"मग काय, जेवले." तिनं कोट अडकवला, बॅग उचलली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या मला घरून डबा दे. रांगेत उभं राहिलं की टोकाच्या जागाही जातात."