पोटातला गोऱ्हा

अण्णाजी हसले की त्यांचा डावा हात आपोआप पोटावर जायचा. खोकताना जायचा, शिंकताना जायचा, पण त्यांच्या बायकोला, शकुबाईंना, सलायचा तो हसतानाचा. सिंदी रेल्वे या गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात अण्णाजींचं हसणं म्हणजे एक प्रकरण होतं. घरी हसले की पारावर ऐकू जायचं. आणि आता एवढा दांडगा माणूस हर्नियाचा फुगवटा तळहाताने दाबून चोरासारखा खुदखुदायचा.

दोष कुणाचा म्हणाल, तर त्यांचाच. पहिल्या ऑपरेशनात डॉक्टरांनी पोटात प्लास्टिकची जाळी शिवली, जड उचलू नका म्हणून बजावलं, आणि या गृहस्थांनी टाके वाळतात न वाळतात तोच कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. जाळी सुटली, आत पू धरला. तरी वर "मले काय होते?" ही मिजास होतीच.

२००६ च्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा धनंजय त्यांना सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या सर्जनबाई रोखठोक होत्या. पू झालेल्या जागी पुन्हा प्लास्टिक नको, म्हणाल्या. बैलाच्या हृदयाभोवती एक पातळ पण चिवट पडदा असतो. तो शुद्ध करून त्याचं ठिगळ लावता येतं.

"ठिगळ नुसता आधार देईल, बाबाजी. हळूहळू तुमचंच मांस त्यात वाढेल. पण त्याला वेळ द्या. दिवाळीपर्यंत ओझं बंद. या वेळी सुटलं, तर पुन्हा शिवायला पोटात धड जागा उरणार नाही."

अण्णाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो बैल कोनाचा होता?"

"ते नाही सांगता येणार."

"जल्मभर मानसाचं वझं वाह्यलं असन त्यानं. आता मेल्यावर माह्यंबी?" त्यांनी डोळे पुसले.

शकुबाईंनाही भरून आलं, पण त्या डगमगल्या नाहीत. "मंग त्याचा मान राखजा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि सर्जनबाईंकडे वळल्या. "लावा बाई तुमी."

ऑपरेशन छान झालं. घरी आल्यावर अण्णाजींनी चार दिवस शहाण्यासारखी विश्रांती घेतली. पुढे कपाशीची पराटी वीतभर झाली, बैलांमागे डवरा धरून तण काढायचे, डवरणीचे दिवस आले आणि त्यांचे हातपाय शिवशिवायला लागले. एका सकाळी शकुबाई गोठ्यात गेल्या, तर महाराज जू उचलायला वाकलेले! ओरडून, रडून, डॉक्टरांचं नाव घेऊन आजवर काही उपयोग झाला नव्हता. मग शकुबाईंची नजर खुंट्याला बांधलेल्या लाल्यावर गेली. लाल्या म्हणजे घरच्याच गाईचा कोवळा गोऱ्हा.

"लाल्याले जुंपून राह्यले का?" त्यांनी अगदी थंडपणे विचारलं.

अण्णाजी ताडकन सरळ झाले. "येडी झाली का तू? अदात हाय तो! दुधाचे दात नाई पडले अजून. त्याले जुंपू?"

ही त्यांची दुखरी नस होती. असाच कोवळा गोऱ्हा बैलबंडीला जुंपला म्हणून त्यांनी शेजारच्या रूपरावांना भर चौकात झाडलं होतं. पोरसवदा जनावराचा खांदा एकदा मोडला की जन्माचा मोडतो, हे ते गावभर सांगत फिरायचे.

"मंग पोटातल्याले काऊन जुंपून राह्यले?" शकुबाई म्हणाल्या. "तो त आत्ता आला. लाल्याहूनबी अदात!"

अण्णाजींनी जू तिथंच सोडून दिलं.

त्या दिवसापासून त्यांची कळच फिरली. कोणी घमेलं जरी पुढे केलं तरी ते ऐटीत सांगत, "माह्या पोटात गोऱ्हा हाय. दात पडू द्या त्याचे." आपल्याला झाडणारा आता स्वतःलाच तो नियम लावतोय हे ऐकून रूपराव एवढे खूश झाले की स्वतः येऊन डवरणी करून गेले. अण्णाजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून त्यांच्या चुका काढत होते.

तपासणीत सर्जनबाईंनी ठिगळ पक्कं धरल्याचं सांगितलं. तरीही हसताना तो हात पोटावर जायचाच, आणि शकुबाईंचा जीव अर्धाच भांड्यात पडायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे होते. अण्णाजींनी पळसाच्या पानाने सुरज्या आणि चांद्याच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि दरवर्षीसारखं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रूपराव बाजूला उभे होते. शकुबाईंनी नवऱ्याच्या हातातलं पान घेतलं, त्यांच्या अंगातली बंडी वर केली आणि भरल्या जखमेच्या कडेला हळूच हळद लावली.

"आज आवतन घ्या," त्या पोटाला म्हणाल्या, "उद्या पुरनपोळी खाले येजा."

अण्णाजी हसले. असे हसले की लाल्या दावं ताणून मागे सरला. शकुबाईंनी पाहिलं, त्यांचा एक हात चांद्याच्या वशिंडावर होता, दुसरा रूपरावांच्या खांद्यावर. पोटावर नुसती हळद होती.

शकुबाई पदरात तोंड घालून रडल्या, आनंदाने रडल्या. तेवढ्यात पारावरून कोणीतरी ओरडलं, "काय झालं वो अण्णाजी?"