फुप्फुसाची हरकत

बळवंतराव हरकत घेण्यासाठीच जन्माला आले आहेत, असं त्यांच्या सरकारी कार्यालयात म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पहिल्या फेरीत एकही फाईल त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. आज दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या शाळेतही ते हरकत घ्यायलाच आले होते. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या नव्या मयुरा मॅडम म्हणे मुलांना नाटकं करायला लावतात. आधीच आपली चेतना वर्गात तोंड उघडत नाही, त्यात अभ्यासाची ही थट्टा. लेकीची तुकडी बदलायची, हे त्यांनी फोनवर कळवलंच होतं. ते ऐकल्यापासून चेतना जेवली नव्हती.

"बरं झालं आलात, सर. आमच्याकडे एक फुप्फुस कमी पडतंय," म्हणत मयुरा मॅडमनी त्यांना थेट फळ्यापाशी उभं केलं. वर्ग म्हणजे शरीर, एकेक मूल म्हणजे त्यातला एकेक भाग. संवाद कुणालाच पाठ नाहीत. समोरचा काहीही बोलला तरी "हो, आणि" म्हणत पुढे न्यायचं, एवढाच नियम.

रक्त झालेली चेतना बाकांमधून फिरत बापापुढे आली आणि पुटपुटली, "ऑक्सिजन दीजिए."

सवयीने बळवंतराव बोलून गेले, "आज नहीं होगा. कल आइए."

वर्ग खो-खो हसला. आता पोरगी रडणार, असं वाटून त्यांचे कान तापले.

चेतना थबकली. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "हाँ, फेफड़े आज बंद हैं, और मैं खाली हाथ जा रही हूँ."

ती गेली तिथे मुलं मटकन बसू लागली. पायांचे स्नायू गळाले, मेंदूने बाकावर डोकं टेकलं, हृदयाची धडधड मंदावली. प्रत्येकापाशी थांबून ती कारण सांगत होती, पुस्तकात न बघता. हा आवाज बळवंतरावांनी घरातही कधी ऐकला नव्हता. मयुरा मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या. ही बाई खरंच शिकवते, हे बळवंतरावांनी मनोमन कबूल केलं.

चेतना परत त्यांच्यासमोर आली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"लीजिए. जितना चाहिए."

अख्खा वर्ग उठून उभा राहिला.

तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, "सर, तुकडीचं बोलायचं होतं ना?"

चेतना दारातच थांबली होती, दप्तराचा पट्टा घट्ट धरून.

"हो," बळवंतराव म्हणाले, "आणि ती याच तुकडीत राहील. फुप्फुस कमी पडलं तर मला बोलवा."