बावीसच्या जागी सोळा

मित्रांनो, मी एक जुनी धूळपाटी आहे, अमरावतीची. सागाची फळी, चारी बाजूंनी बोटभर काठ आणि अंगावर पसरलेली मऊ धूळ. त्या धुळीत बोटाने आकडे काढायचे, पुढचं लिहायला मागचं पुसायचं. दगडी पाट्या तेव्हा मोजक्याच घरी होत्या.

माझे धनी हेमचंद्र पंतोजी. त्यांची धाकटी बहीण अनसूया विधवा होऊन भावाकडे आली आणि माझ्यावरच बीजगणित शिकली. तिचं बोट कसं फिरायचं, तर पाण्यावरून वाऱ्याची झुळूक जावी तसं. पंतोजी जेवण विसरून बघत राहायचे.

कापसाला सोन्याचा भाव आला ते दिवस. त्या पैशातून पेठेत मुलींची शाळा निघाली. तिथे शिकवायला मिळावं म्हणून अनसूयेने अर्ज केला. आयुष्यात तिने मागितलेलं ते पहिलंच काही.

परीक्षा घ्यायला बापूसाहेब बसले. कापसाचे मोठे व्यापारी, शाळेचे कर्तेधर्ते. पंतोजींची नोकरीसुद्धा त्यांच्याच हातात. त्यांनी गणित घातलं: (५क्ष + ७) − (२क्ष − ३), आणि क्ष म्हणजे चार. अनसूयेने माझ्यावर ३क्ष + १० लिहिलं, चार घातले, बावीस काढले.

साताचे दहा झालेले पाहून बापूसाहेब हसले. त्यांच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाडीच्या वजनातून पोतं वजा व्हायचं, ओल वजा व्हायची, कचरा वजा व्हायचा. वजा म्हटलं की सगळं कमीच.

"वजा करून आकडा वाढते काय, बाई?"

ती हळूच म्हणाली, "दोन क्ष पुरते नाही काढायचे, तीन कमी काढायचे. जास्तीचे गेलेले तीन परत द्या लागतात."

जमलेले लोक हसले. बापूसाहेबांनी तळहाताने तिचं लिहिलेलं पुसलं, सातातूनही तीन काढले, ३क्ष + ४ लिहिलं आणि खाली सोळा.

आणि मी? बावीस जितके नीट धरले होते, तितकेच नीट सोळाही धरले. एक कण हलला नाही माझा. आजही ते आठवलं की अंगावरची धूळ नकोशी होते.

पंतोजी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे होते. जागा दुसऱ्याला गेली.

घरी आल्यावर अनसूयेने विचारलं, "दादा, तुले माईत होतं ना?"

पंतोजींनी माझ्यावर दोन्ही कंसांत वेगवेगळे चार घातले. सत्तावीस. पाच. वजा केले, बावीस.

"मंग काहून नाही बोलला?"



दुसऱ्या दिवशी ते मला काखेत मारून बापूसाहेबांच्या काट्यावर गेले. सगळ्या तोलाऱ्यांसमोर त्यांनी गणित मांडलं. बापूसाहेबांनी स्वतः सत्तावीसमधून पाच काढून पाहिले.

"बरोबर आहे, पंतोजी. पण हे काल सांगाचं होतं. माणूस नेमून झाला."

त्यानंतर अनसूयेचं बोट माझ्यावर फिरलं नाही. पुढे दगडी पाट्या आल्या आणि मी धान्याच्या कणगीमागे गेले. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, मी लाकूड आणि धूळ. कुणी लिहील ते धरायचं, एवढंच मला येतं. तुम्हाला तोंड आहे. समोर बावीस दिसत असतील तर तेव्हाच बावीस म्हणा. दुसऱ्या दिवशीचं बरोबर उत्तर मी पाहिलं आहे. ते तिच्या कामाला आलं नाही.