शिमग्याची पहिली शिवी

गावच्या शिमग्याला पहिली शिवी देण्याचा मान आश्रुबाच्या घराण्याकडे होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला मिळणारा मान जेवढा असतो तेवढाच. म्हणजे होळीपासून लांब उभं राहून घशाला ताण द्यायचा. शिमग्याला वाईट बोललं की इडापीडा जळते आणि चांगलं बोललं की नजर लागते, अशी गावाची खात्री. म्हणून ज्याच्या घरी दुखणं, त्याच्या नावानं पहिली शिवी.

यंदा दुखणं सुंदरराव पाटलांच्या घरी होतं. नातू तापानं फणफणलेला. परवापासून रडणंसुद्धा थांबलं होतं.

आणि यंदाच, येत्या रविवारी, आश्रुबाचा बाप्तिस्मा होता. "ज्या तोंडानं प्रभूला हाक मारायची, त्यात घाण साठवू नये," असं पाद्रीबाबांनी बजावलं होतं. तेव्हापासून आश्रुबा इतकं गोड बोले, की घरचं कुत्रंही त्याच्याकडे संशयानं बघू लागलं होतं.

पाटलांच्या दारासमोर होळी पेटली. सगळे आश्रुबाकडे वळले.

"टाक बे," सुंदरराव म्हणाले.

"पाटील, हे तोंड आता प्रभूला दिलंय."

"रविवारी दे की. आज कावून घाई?"

लोक हसले. सुंदरराव हसले नाहीत.

"आश्रुबा, लेकरू हाय रं आत." त्यांनी दाराकडं बोट केलं. "एक शिवी मागतो. जमीन न्हाई मागत."

बापाची ठेवणीतली शिवी आश्रुबाच्या जिभेवर येऊन बसली होती. एका लेकरासाठी प्रभू एवढी माफ करील. पण ती देऊन लेकरू वाचलं, तर आपण उद्यापासून विश्वास कशावर ठेवायचा? आणि न देता गेलं, तर गाव आपल्याला ठेवील का? त्यानं दात आवळले. मग हात जोडून, शिवीला लावायचा तोच आवाज लावला.

"प्रभू, पाटलाच्या लेकराला लई आयुष्य दे! पाटलाचं भलं कर!"

शिमग्याच्या दिवशी आशीर्वाद!

"खाल्लं! लेकरू खाल्लं यानं!" कुणीतरी ओरडलं. पोरांनी जळती लाकडं ओढली. सुंदररावांनी काठी उचलली. आश्रुबा हलला नाही, कारण पाय हलत नव्हते.

"सुंदऱ्या!"

काठी हवेतच राहिली. दारात पाटलीण केशरबाई उभ्या होत्या. लग्नापासून या बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्यातसुद्धा आढेवेढे घेऊन घेतलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पहिली शिवी दिली. मग दुसरी. त्या इथं लिहिता येत नाहीत. बऱ्याच जुन्या होत्या आणि जपून ठेवलेल्या वाटल्या.

लोकांनी लाकडं होळीत टाकली आणि बोंब ठोकली. सुंदरराव काठी टेकून खाली मान घालून ऐकत राहिले.

"आश्रुबा," केशरबाई दम घेत म्हणाल्या, "मी माझं करते. तू तुझं थांबवू नगंस."

"न्हाई थांबवत, वहिनीसाहेब."

त्यानं डोळे मिटले. इकडून प्रार्थना, तिकडून शिव्या, आणि मधे होळी.

तेवढ्यात आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं.

गाव गप्प झालं. ती दोघं मात्र थांबली नाहीत.