दुखऱ्या पायाचा करार

डब्लिनमधल्या एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षात रेवती काम करायची. पुण्याहून शिकायला आली, शिक्षण संपल्यावर तिथंच नोकरीला लागली आणि शहराच्या सँट्री या उपनगरात राहू लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. शिकून बाहेर पडलेल्यांना विद्यापीठाशी जोडून ठेवायचं आणि त्यांच्याकडून देणग्या मिळवायच्या, हे तिचं काम. पण पत्रं जायची शेकड्यांनी आणि उत्तरं यायची बोटांवर मोजण्याइतकी. मेळाव्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्याच राहायच्या.

मग रेवतीनंच एक योजना काढली. ज्या माजी विद्यार्थ्यांचे व्यवसाय आहेत, त्यांनी विद्यापीठाच्या खेळाडूंना आपल्या जाहिरातींत घ्यावं. खेळाडूच्या सरावाचा खर्च निघेल, व्यवसायाला चेहरा मिळेल आणि त्या निमित्तानं जुनी माणसं पुन्हा मैदानावर येतील. योजना सगळ्यांना पटली. पहिला करार झाला तो इशिताचा. ती डब्लिनजवळच्या नावन गावात, मराठी घरात जन्मलेली, वीस वर्षांची, आठशे मीटर धावणारी. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर मात्र ती आयरिश वळणाच्या इंग्रजीत द्यायची. करार करणारा विक्रांतही त्याच विद्यापीठात शिकलेला. डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टला त्याची प्रोटीन बार बनवणारी कंपनी होती.

शनिवारी मेळावा होता. विक्रांतच्या कंपनीची जर्सी घालून इशितानं पाहुण्यांसमोर मैदानाला एक फेरी मारायची, असं ठरलं होतं. गुरुवारी ती ऑफिसात आली आणि दारातच घुटमळली. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. सहा आठवडे धावायचं नाही, असं फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं.

पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, पोस्टरं छापून झाली होती. रेवतीनं इशिताला बसवलं, पाणी दिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, की एकच फेरी, हळूहळू, फोटोपुरती जमेल का? इशितानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "इट्स ग्रँड." म्हणजे, चालेल. रेवतीचा जीव भांड्यात पडला आणि ती पुढच्या कामाला लागली.

शुक्रवारी दुपारी इशिताची आई, अलकनंदा, नावनहून बसनं आली. ती नर्स होती, ड्युटी संपवून तशीच निघाली होती. आता ही भांडणार, असं रेवतीला वाटलं. पण तिनं आवाजही चढवला नाही.

"ताई, इशिता स्वतःच हो म्हणाली," रेवती घाईघाईनं म्हणाली.

"म्हणाली असेल. पण विचारणारी तू, करार तुझ्या हातात आणि ती वीस वर्षांची पोर. नाही म्हणायला तू तिला जागा कुठं ठेवलीस?"

रेवतीनं विद्यापीठाची अडचण सांगितली, विक्रांतचा तापट स्वभाव सांगितला, एवढी वर्षं किती खटपट केली तेही सांगितलं. अलकनंदानं सगळं ऐकून घेतलं.

"तडा गेलेल्या हाडावर धावलं तर ते मोडतं, रेवती. मग पुढच्या मेळाव्यात तू दुसरी मुलगी उभी करशील. माझ्याकडे दुसरी नाही." मग ती म्हणाली, "आणि एक सांगते. तुम्ही या पाहुण्यांना नुसते धावणारे पाय दाखवता. पायांवर कुणाचा जीव जडत नाही, माणसावर जडतो."

रेवतीनं स्वतःलाच विचारलं. आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला आपण ही एक फेरी मारायला सांगितलं असतं का? अलकनंदा समोर असतानाच तिनं विक्रांतला फोन लावला आणि इशिता धावणार नाही, असं सांगून टाकलं. विक्रांत चिडला. एका फेरीनं काय होतंय, असं म्हणाला. मग करार चालू ठेवायचा की नाही ते बघावं लागेल, असंही म्हणाला. रेवतीनं ऐकून घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही.

शनिवारी ती पाहुण्यांसमोर उभी राहिली आणि जे घडलं ते तिनं लपवाछपवी न करता सांगितलं. दुखऱ्या पायानं धावायला आपणच विचारलं होतं, हेसुद्धा. मग पायाला आधाराचा जाड बूट बांधलेली इशिता पुढं आली. नावनहून पहाटेची बस, सराव, वर्ग आणि आता सहा आठवडे नुसतं बसून राहण्याची भीती, असं ती चार वाक्यांत बोलली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विक्रांत मागच्या मागे निघून गेला.

मग डेक्लन नावाचे साठीचे गृहस्थ उठले. नावनमध्ये त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं.

"मी इथं चार वर्षं रग्बी खेळलो," ते म्हणाले. "गुडघा गेला त्या दिवसापासून इथल्या कुणी माझी चौकशी केली नाही. नंतर पत्रं येऊ लागली, देणगी मागणारी. मी ती न फोडता टाकत आलो. आज बायकोनं ओढून आणलं म्हणून आलोय."

आपल्या पत्रांना उत्तरं का येत नव्हती, हे रेवतीला त्या एका माणसाच्या तोंडून कळलं.

डेक्लननी इशिताला विचारलं, की दुकानाच्या जाहिरातीत येशील का; अशीच, बूट बांधून. धावायची काही घाई नाही. इशितानं लगेच होकार दिला नाही. आईशी बोलून सांगते म्हणाली, आणि रेवतीला त्याचंच समाधान वाटलं.

विक्रांतचा करार गेला तो गेलाच. इशिताचा हंगामही हातचा गेला. पण पुढच्या प्रत्येक करारात रेवतीनं एक कलम घालून घेतलं, की दुखापत झाली तरी करार तुटणार नाही आणि धावायचं की नाही ते फिजिओथेरपिस्टच ठरवेल. जुन्या खेळाडूंना तिनं नवी पत्रं लिहिली. त्यांत काहीही मागितलं नव्हतं, फक्त तुम्ही कसे आहात, एवढंच विचारलं होतं. त्या पत्रांना उत्तरं आली.

आपणही कुठं ना कुठं मदत मागणारे असतोच, शाळेसाठी, मंडळासाठी, एखाद्या गुणी मुलासाठी. ज्याचा चेहरा पुढं करून मागतो, त्याची विचारपूस आपण शेवटची कधी केली, हे आठवून बघावं. जिंकणाऱ्याभोवती गर्दी आपोआप जमते. लंगडणाऱ्यापाशी जी संस्था थांबते, तिच्याकडेच तिची माणसं परत येतात.