बंद ओठांतलं हसू

आवाजबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या डबिंग स्टुडिओत आता कुणीच उरलं नव्हतं, आणि बाईंना त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच एका नावाचं. राणीचं.

राणी ही एका परदेशी मालिकेतली नायिका; ते काम करणाऱ्या नटीलाही इथे सगळे राणीच म्हणत. बोलायची ती तिच्या भाषेत, पण घरोघरी ऐकू यायची आवाजबाईंच्या आवाजात. तीन वर्षं हे चाललं होतं. राणी रडली की बाई रडायच्या, राणीने नवऱ्याला झापलं की बाई झापायच्या, राणी जिना चढली की बाई माइकसमोर जागच्या जागी उभ्या राहून धापा टाकायच्या. एवढं करून फुलं राणीला, मुलाखती राणीला. मालिका संपताना नावांची रांग धावत जाते ना, त्यात दिवे लावणाऱ्यांची नावं असत, राणीचे केस विंचरणारीचंही असे. बाईंचं नसे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं बाई मनात रोज एकदा तरी म्हणत.

एकदा तर त्यांनी दुकानात जाऊन नुसते दोन साबण मागितले. दुकानदार चमकला, कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बघायला लागला. टीव्ही बंद होता. मग त्याने बाईंच्या खांद्यावरून मागे रस्त्यावर पाहिलं. बाईंकडे काही त्याला बघावंसं वाटलं नाही. त्या दिवशी बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याही काढ्याने जाणारं नव्हतं.

आणि घरात काय वेगळं होतं? बाईंची लेक बबडी, वय पंधरा, हिने अभ्यासाच्या टेबलासमोर राणीचा फोटो लावला होता. बबडी रंगाने बापावर गेलेली. तिची आत्या आली की हटकून म्हणायची, "पोरगी हुशार आहे हो. रंगाचं काय एवढं, शिकली की चालून जातं." बबडी हसून पाणी आणायला आत जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. ही राणीही तशीच, बबडीपेक्षाही दोन छटा गडद, आणि तरी मालिकेत सगळे तिच्याच मागे. बबडीला त्यात काय मिळत होतं ते बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांना सहन होत नव्हतं.

"अगं, बोलते ती मी. मग फोटो तिचा कशाला?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुझा आवाज रोजचाच आहे गं आई. तो मला 'गाद्या घाल' म्हणतो."

त्या दिवशी गाद्या बाईंनीच घातल्या.

तर अशा त्या घरात एका संध्याकाळी टीव्हीवर बोलघेवडे लागला होता. बोलघेवडे म्हणजे विनोदी गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. त्याला हे नाव लोकांनी लाडाने दिलेलं. कुणाच्या बायकोवर, कुणाच्या जाडीवर, कुणाच्या जातकुळीवर तो बोलायचा आणि शेवटी "गंमत हो, गंमत" म्हणायचा, की सगळं माफ.

"राणीची मालिका मी चुकवत नाही," तो म्हणाला. "म्हणजे बघत नाही हो, ऐकतो! टीव्हीवर चादर टाकून. आवाज काय, मध! आणि चादर काढली की वाटतं वीज गेली. तिकडच्या बायकांना घडवणारा भट्टीतून काढायलाच विसरला वाटतं. बाईमाणसाला गळा तरी असावा नाहीतर चेहरा तरी. दोन्ही नसेल तर निदान स्वयंपाक यावा! गंमत हो, गंमत."

प्रेक्षक लोळले. बाईंचा नवरा घास हातात धरून खुदकन हसला. बबडी ताट तसंच ठेवून उठली.

आणि बाई? बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत कुणीतरी भर कार्यक्रमात दोघींना वेगळं केलं होतं, आणि त्यातला चांगला वाटा बाईंना दिला होता. बाकीचं त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मोबाइलवर तो तुकडा त्यांनी न्हाणीघरात पाणी सोडून चार वेळा लावला, आणि दर वेळी 'मध' या शब्दाशी थांबवला. बबडीच्या खोलीचं दार बंद होतं. पोरीला भूक लागली की येईल, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तो तुकडा राणीच्या देशापर्यंत पोचला, आणि चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. तिने तिच्या भाषेत कॅमेऱ्यासमोर बसून केलेलं चार मिनिटांचं बोलणं. ते डब करून दाखवायचं चॅनेलने ठरवलं, आणि चॅनेलचे साहेब स्वतः कागद घेऊन स्टुडिओत आले.

कागदावर राणीच्या बोलण्याचं भाषांतर होतं. बाईंनी सवयीप्रमाणे आधी सगळं मनात वाचून काढलं. माझ्या रंगाबद्दल, माझ्या देशातल्या बायकांबद्दल तुम्ही जे बोललात ते गंमत नाही, असं ती म्हणत होती. माझ्यासारख्या दिसणाऱ्या मुली ते ऐकतात, असंही. मग पेनाने खोडलेली तीन वाक्यं होती. खोडलेलं बाई हमखास वाचत. 'तुम्ही ज्याची स्तुती करता तो आवाज माझा नाही. ती बाई कोण, हे मी कितीदा विचारलं, मला कुणी सांगितलं नाही. तिच्या आवाजाची काठी करून मला मारण्याआधी निदान तिला विचारायचं होतं.'

"हे खोडलं का?" बाईंनी विचारलं.

"आवाजवाल्यांची नावं द्यायची सुरुवात झाली की सगळेच मागतात हो," साहेब म्हणाले. "ते सोडा. शेवट बघा. ती मान खाली घालते, चार सेकंद. तिथे हलकंसं हसू टाकता आलं तर बरं. वातावरण निवळेल. नाही जमलं तर शांतच ठेवा, माझा आग्रह नाही."

काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रणाच्या दादांनी शेवट लावून दाखवला. राणीने मान खाली घातली होती, चेहरा केसांआड, ओठ दिसत नव्हते. खांदे मात्र हलत होते. हेडफोनमध्ये तिचा खरा आवाज होता. दाबून धरलेला हुंदका, त्यातून सुटलेला एक बारीक श्वास.

या धंद्यात ओठ दिसले की माणूस बांधला जातो. ओठ झाकलेले असले की वाटेल ते टाकता येतं. आणि हसताना खांदे हलतात तसेच रडतानाही हलतात. आवाज जो सांगेल ते डोळे मानतात. हे बाईंइतकं कुणाला ठाऊक?

"बाई, रडतेय ती," दादा म्हणाले. "शांत ठेवू या ना."

बाईंच्या डोक्यात ती खोडलेली तीन वाक्यं फिरत होती. त्यांनी विरघळायला हवं होतं. उलट त्यांचा जळफळाटच झाला. म्हणजे मोठेपणाही तिनेच घ्यायचा! एवढा मार खाऊन हिला माझी आठवण यावी, आणि मी न्हाणीघरात पाणी सोडून बसले होते तेव्हा मला हिची येऊ नये? हिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. निदान फिट्टंफाट झाली असती.

"लावा," बाई म्हणाल्या.

आणि त्या हसल्या. अगदी हलकं, नाकातून सुरू होऊन घशात मुरणारं, जाऊ द्या हो, मी नाही मनाला लावून घेत, असं सांगणारं. पहिल्याच टेकमध्ये जमलं. साहेबांनी काचेवर बोटं वाजवून दाद दिली. दादांनी मान वर केली नाही.

उत्तर दाखवलं गेलं आणि जिकडेतिकडे तेच. राणी किती खिलाडू! तिलाच गंमत वाटली, मग तुम्ही का चिडता? बोलघेवडेला तर घबाडच सापडलं. कुणा बाईवर काही बोलला की तो लगेच ते हसू वाजवायचा. वाजलं की प्रेक्षक टाळ्या पिटायचे. आता चेहराही लागत नव्हता. बाईंचा आवाज पहिल्यांदाच एकटा गाजत होता, आणि खरं सांगायचं तर पहिला आठवडाभर बाईंना ते गोडच लागलं. घरी राणीचा फोटो मात्र टेबलासमोरून गेला होता. बाईंना वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बबडी शाळेतून आली ती दप्तर न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"आई, ऐक." तिने मोबाइल पुढे केला. वर्गातल्या मुलांच्या आवाजाचा गोंगाट, कुणीतरी ओरडलं, 'अरे, वीज गेली, वीज गेली!' आणि पाठोपाठ ते हसू. मग परत ते हसू. "मी वर्गात शिरले की लावतात. मी चिडले तर म्हणतात, ती बघ कशी हसते, तूही हास. मग मी हसते."

बाईंनी गॅस बंद केला.

"फोटो मी फाडला," बबडी म्हणाली. "मला राग आला तिचा. पण आई, मी ते खूप वेळा ऐकलंय. ती हसली नाही ना?"

खोटं बोलणं बाईंना काही अवघड नव्हतं. तीन वर्षं दुसरीचे हुंदके, दुसरीचे श्वास त्यांनी बेमालूम काढले होते. साहेबांवर ढकलता आलं असतं, पोटापाण्याचं काम म्हणता आलं असतं. पण पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंड झाकलेलं नव्हतं.

"नाही. ती रडत होती. मी हसले."

"का?"

"तिचा हेवा वाटत होता मला. म्हणून."

 बबडीने मोबाइल खिशात टाकला.

"मग उद्या त्यांनी लावलं, की मी काय सांगू? ही माझी आई आहे म्हणून?"