ढब्बूचं शेपूट

अंकिता टेंभुर्णीला गेली ती आठ दिवसांसाठी म्हणून. तिचे वडील रामहरी केळीच्या बागेत मोटर चालू करायला गेले आणि ओल्या बांधावरून घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. फोन आला तेव्हा ती नर्सिंगच्या कॉलेजातून नुकतीच वरच्या खोलीवर आली होती. पिशवीत दोन कपडे कोंबून ती जिना उतरली ती छातीशी काचेची पेटी धरूनच, आणि घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

"काकू, आबा पडल्यात. मला जावं लागतंय. ढब्बूला तेवढं बघताल का?"

रुक्मिणीबाईंच्या हातात लाटणं होतं. पेटीकडे बघून त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण पोरीचा चेहरा असा पांढराफटक पडला होता की नाही म्हणायला जीभच वळेना.

"ठेव मागच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "आणि पोचलीस की फोन कर."

ढब्बू म्हणजे पाल. आपल्या ट्यूबलाइटपाशी दबा धरून बसते ती नव्हे. परदेशी जातीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, भिंतीवर चढता न येणारी. शेपूट ढब्बू मिरचीसारखं फुगीर, म्हणून हे नाव. अंकिताच्या वर्गातल्या एका मुलीनं हौसेनं पाळली होती, हॉस्टेलात ती राहू देईनात, म्हणून अंकितानं आपल्याकडे आणली. रुक्मिणीबाईंना हे कळलं तेव्हा घरात बराच ऊहापोह झाला होता. त्यांचे यजमान मुकुंदराव कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या दत्तमंदिरात पूजा करायचे. या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, आणि हा प्राणी जिवंत अळ्या खाणारा. शेवटी पेटी जिना उतरून खाली येणार नाही या अटीवर तो राहिला. ती अट त्या दुपारी मोडली.

जाताना अंकितानं सगळं घाईघाईत सांगितलं होतं. "पेटीखाली गरम पट्टी हाय, ती चालूच ठेवायची. एक दिवसाआड चार-पाच अळ्या टाकायच्या. कोंड्याच्या डब्यात हायत. पाणी बदलायचं. लई गरीब हाय ओ काकू, चावत न्हाय."

पहिले काही दिवस रुक्मिणीबाई चमच्यानं अळ्या पेटीत टाकायच्या आणि तोंड फिरवून बाहेर यायच्या. थोड्या वेळानं जाऊन बघावं तर अळ्या संपलेल्या. मग एकदा त्या तशाच वळवळत राहिल्या. दुसऱ्या वेळीही तेच. जानेवारी लागला होता, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गर्दी सुरू झाली होती, आणि सोलापूरकर ज्याला थंडी म्हणायला कचरतात ती पहाटेची थंडी चांगलीच झोंबत होती. 'थंडीनं भूक मंदावली असेल,' असं त्यांनी मनाशी म्हटलं. चव बदलून बघावी म्हणून तूप लावलेली दोन शितं ठेवली. त्या शितांना मुंग्या लागल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की शेपूट बारीक होतंय. फुगीर शेपटाला सुरकुत्या पडल्या, मग ते पेन्सिलीसारखं दिसायला लागलं. कंबरेची हाडं कातडीखालून वर आली. आणि त्या निमित्तानं पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याला पापण्या होत्या. भिंतीवरच्या पालीसारखे सताड उघडे डोळे नव्हते. तो डोळे मिटायचा, आणि पेंगुळलेल्या मुलासारखे एकेक करून उघडायचा. त्या दिवसापासून त्यांना तोंड फिरवता येईना.

रोज संध्याकाळी अंकिताचा फोन यायचा.

"काकू, ढब्बू खातोय ना?"

"खातोय की. तुझे आबा कसे आहेत?"

"बरे हायत."

"फोटो पाठवते हं," म्हणून रुक्मिणीबाई पेटी खाली आल्या आल्या काढलेल्या फोटोंपैकी एखादा पाठवून द्यायच्या. पोरीला तिकडे काय कमी व्याप आहेत? ऑपरेशन झालेलं, आई एकटी, केळीचे घड उतरायला आलेले. त्यात ही भर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मुकुंदरावांना ते पटत नव्हतं.

एका सकाळी पूजा आटोपून आल्यावर मुकुंदरावच मागच्या खोलीत डोकावले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, ये जरा इकडे. हे गेलं बहुतेक."

ढब्बू पाणी ठेवलेल्या झाकणाशेजारी आडवा पडला होता. रुक्मिणीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पालीला हात लावला. गार होती. त्यांनी ती ओंजळीत घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. काय करावं हे सुचत नव्हतं म्हणून उभ्या राहिल्या, इतकंच. थोड्या वेळानं तळहातावर काहीतरी हललं. एक डोळा किलकिला झाला.

"जिवंत आहे!" त्या ओरडल्याच. "रिक्षा बघा, रिक्षा!"

जनावरांचे डॉक्टर बसवराज मैंदर्गीकडचे. आयुष्य म्हशी, शेळ्या आणि अलीकडे लोकांची कुत्री बघण्यात गेलेलं. रुक्मिणीबाईंनी शालीत गुंडाळलेला डबा टेबलावर ठेवून उघडला तेव्हा त्यांनी आधी डब्यात, मग दोघांच्या तोंडाकडे बघितलं.

"काकू, खरं सांगतो, पाल मी कधी तपासली नाही," ते म्हणाले. "पण माझा एक वर्गमित्र पुण्यात पक्षी आणि असले प्राणी बघतो. त्याला दाखवू. आधी वजन लागेल. माझा काटा कुत्र्यांचा, त्यावर हा दिसायचाच नाही."

मुकुंदरावांनी चपला घातल्या. कोपऱ्यावरचे सराफ मंदिरात नेहमी येणारे. काट्यावर डबा ठेवू दिला, पण आत काय आहे हे कळल्यावर चार पावलं मागे सरले. डबा वजा जाता वीस ग्रॅमसुद्धा भरलं नाही. परत आल्यावर मुकुंदरावांनी आकडा सांगितला तेव्हा फोनच्या पडद्यावरच्या पुण्याच्या डॉक्टरांनी मान हलवली. अशी पूर्ण वाढलेली पाल याच्या तिप्पट तरी हवी.

"खालून ऊब कशी देता?" त्यांनी विचारलं.

"पट्टी आहे ना. चालूच असते. तांबडा दिवा लागलेला असतो."

"हात लावून बघितलात?"

रुक्मिणीबाईंनी कधी लावला नव्हता. मुकुंदराव तेवढ्यासाठी घरी जाऊन आले. दिवा लागत होता, पट्टी मात्र थंडगार होती. आतली तार केव्हाच जळून गेली असावी.

"तेच झालंय," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. "यांच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते. खालून मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून खाणं सोडतात. मग शेपटात साठवलेल्या चरबीवर जगतात. याची तीही संपत आली आहे."

नवी पट्टी येईपर्यंत गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पेटीखाली ठेवायची, निवली की बदलायची. उथळ कोमट पाण्यात बसवायचं. बोटांवर जुनी कात चिकटली आहे, ती ओल्या कापसानं हळूहळू सोडवायची. आणि अंगात ऊब आली की मग खाणं. तो चावून खाणार नाही. अळ्या कुटून, पातळ करून, थेंब थेंब तोंडाला लावायचा म्हणजे चाटेल.

"कुटून?" मुकुंदराव म्हणाले. "जिवंत?"

डॉक्टर बसवराज अवघडले. "काका, हा वरणभातावर जगणार नाही. जगवायचा असेल तर दुसरा रस्ता नाही. आणि काकू, दोन दिवसांनी शेण घेऊन या, जंत आहेत का बघू." मग स्वतःच हसले. "म्हणजे त्याची शी."

रुक्मिणीबाईंचा सगळा संसार पीठ चाळण्यात, धान्याला ऊन दाखवण्यात आणि सापडलेला किडा कागदावर घेऊन अंगणात सोडण्यात गेला होता. एक जीव वाचवायला किती जीव घ्यायचे? त्यांना काही उलगडेना. परतताना रिक्षात ढब्बू मांडीवरच्या डब्यात होता, आणि त्याचं पोट श्वासाबरोबर हलत होतं की नाही हे त्या दर वळणावर झाकण उघडून बघत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही सांगा. पाप लागेल का?"

मुकुंदराव झोपाळ्यावर बसले. "लागलं तर लागेल," ते म्हणाले. "पण त्या पोरीनं आपल्या भरवशावर ठेवलाय. उपाशी मारला तर ते काय पुण्य होणार आहे? मला मात्र कुटणं व्हायचं नाही. तू कूट. मी धरतो."

बाजारातून एक छोटा दगडी खल आला. तो स्वयंपाकघरात न्यायचा नाही, मागच्या खोलीतच ठेवायचा असं ठरलं. पहिल्यांदा रुक्मिणीबाईंनी डोळे घट्ट मिटून बत्ता मारला आणि तो बाजूलाच पडला. मग डोळे उघडून मारला. मुकुंदरावांनी जुन्या धोतराच्या तुकड्यात ढब्बूला धरलं होतं, हात ताठ, मान मागे. ड्रॉपरनं थेंब ओठाला लावला. काही नाही. पुन्हा लावला. थेंब गळून धोतरावर पडला.

"चाट रे बाबा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी काय काय केलंय बघ."

तिसऱ्या की चौथ्या थेंबाला गुलाबी जीभ बाहेर आली, नाकावरून फिरली आणि आत गेली. मुकुंदरावांचा रोखलेला श्वास फस्सकन सुटला.

त्यानंतर हेच सुरू झालं. पिशवी बदलायची, कोमट पाणी, कापूस, थेंब. सुरुवातीला मुकुंदराव प्रत्येक वेळी नंतर आंघोळ करायचे. कडाक्याच्या सकाळी दोन-दोन आंघोळी झाल्यावर त्यांना पडसं झालं. मग ते हातपाय धुऊ लागले, आणि मग नुसते हात. अळ्या संपल्या तेव्हा पक्ष्यांच्या दुकानातून नव्या अळ्यांचा पुडा स्कूटरच्या डिकीत घालून तेच घेऊन आले. देवासाठी घेतलेला हारही बरोबर होता; तो मात्र त्यांनी हातात धरून आणला.

नवी पट्टी आली, पिशव्या बंद झाल्या. जंत निघाले, त्याचं औषध झालं. एका बोटाचं टोक कातीनं आवळून काळं पडलं होतं, ते गळून गेलं. रुक्मिणीबाईंना वाईट वाटलं. वजन हलेना. सराफांकडच्या काट्यावर आकडा तिथंच अडून होता, पण डॉक्टर म्हणाले, घटत नाही हेच खूप.

अशाच एका संध्याकाळी अंकिताचा फोन आला. "ढब्बू कसाय?" "छान आहे की." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"काकू, फोटो जुनेच पाठवता की ओ तुमी. पेटीत अळ्या ठेवायचं ते निळं झाकण दिसतंय, ते मी हिकडं आल्यावर लगेच तुमच्याकडनं फुटलं म्हणून तुमीच सांगितलं होतं."

रुक्मिणीबाईंना घाम फुटला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पट्टी, वजन, गळलेलं बोट, खल. काही राखलं नाही. "तुला आधीच इतकं आहे, म्हणून नाही बोलले गं. चुकलं माझं."

"मी तरी कुटं खरं बोलले?" अंकिता म्हणाली आणि रडायलाच लागली. "आबा बरे न्हाईत काकू. टाक्यांना पू झालाय. जेवत न्हाईत. आता मी काय चालत न्हाय, मला कशाला जगवता म्हणतात. मी नर्सिंग शिकतीय, आन् माझ्याच बापाला एक घास भरवता येईना."

रुक्मिणीबाई खुर्चीवर बसल्या. धीराचं काही बोलावं असं खूप वाटलं, पण धीराची वाक्यं त्यांना पोकळ वाटली. त्यांनी जे माहीत होतं तेच सांगितलं.

"हे बघ, ताट समोर ठेवू नकोस. ताट बघूनच माणूस दमतो. वाटीभर पेज कर, चमचा ओठाला लाव आणि थांब. नाही घेतलं तर अर्ध्या तासानं परत. चिडू नकोस, विनवू नकोस. आणि डॉक्टरांना पू दाखव, उद्याच दाखव."

"व्हय," अंकिता म्हणाली. मग रडता रडताच हसली. "ढब्बूला काकांनी धरलं? खरंच?"

"थांब, फोटो काढते. आजचा."

त्या रात्रीपासून दोघींनी एकमेकींना खरंच सांगायचं असं न बोलता ठरून गेलं. 'आज दोन चमचे.' 'आज चार थेंब, एक ओकला.' 'पू कमी हाय.' 'आज डोळे टक्क उघडे.' असे निरोप जात-येत राहिले.

फेब्रुवारी संपता संपता ऊन तापायला लागलं. एका दुपारी रुक्मिणीबाई खलात घालायला अळी चिमट्यात धरून होत्या, तर पेटीत ढब्बू उठून बसला. मान तिरकी झाली. शेपटाचं टोक सापासारखं हळूच हललं. त्यांनी श्वास रोखून चिमटा पुढे नेला. झटक्यात चिमट्याला हिसका बसला आणि अळी गायब. दोनदा जबडा हलला, आणि त्यानं समाधानानं डोळे मिटले.

"अहो!" त्यांनी हाक मारली. मुकुंदराव धावत आले, म्हणाले, "काय झालं?" त्या नुसत्या बोट दाखवत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सराफांच्या काट्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा आकडा पुढे सरकला. सराफ आता मागे सरत नसत. उलट गिऱ्हाइकांना थांबवून ठेवत.

अंकिता परत आली ती परीक्षेच्या तोंडावर. आबा वॉकर धरून अंगणापर्यंत येत होते, शिव्याही देऊ लागले होते; आई म्हणाली, आता तू जा. ती आली ती सरळ मागच्या खोलीत गेली. ढब्बूला तळहातावर घेतलं, गळलेल्या बोटावर अंगठा फिरवला. शेपूट पहिल्यासारखं नव्हतं, पण भरत चाललं होतं. तिला बघून त्यानं काही ओळख दाखवली नाही. तो तिच्या मनगटावर पोट टेकून बसला, ऊब मिळाली म्हणून.

"वर घेऊन जाते काकू," ती म्हणाली. "तुमाला लई त्रास झाला."

"जा की. तुझाच आहे," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि पोळ्या करायला आत गेल्या. दोन पोळ्या करपल्या.

चहाच्या वेळी मुकुंदराव पेपर वाचता वाचता म्हणाले, "वरच्या खोलीला पत्रा आहे. एप्रिलमध्ये भट्टी होते तिथं. दुपारी तो खाली असलेला बरा. माझं आपलं एक मत."

अंकितानं जिन्यावरून ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना ती पेटी उचलून खाली आली आणि काही न विचारता मागच्या खोलीत ठेवून गेली. रुक्मिणीबाईंनी कणीक मळणं थांबवून हात धुतले, पदराला पुसले, आणि पट्टीवर तळहात ठेवून बघितला. गरम होती.